जोडलेल्या सुपरहीरो मालिका क्रमाने कशा वाचाव्यात: अंक लावण्याची रीत

स्पायडर-मॅन, सुपरमॅन किंवा बॅटमॅनच्या कॉमिक्सचे अंक नव्याने वाचायला घेतलेले बहुतेक वाचक एकाच जागी अडतात. मुखपृष्ठावरचे आकडे पाहून अंक नीट लावलेले असतात, एकानंतर दोन आणि दोनानंतर तीन असे वाचनही सुरू असते, आणि मध्येच नायकाचा पोशाख बदललेला दिसतो, कालपर्यंत मित्र असलेला माणूस अचानक वैरी झालेला असतो किंवा एखादी लढाई आपण न पाहताच संपून गेलेली असते. वाचकाला वाटते की पाने गहाळ आहेत. पाने गहाळ नसतात. त्या दोन अंकांच्या मधला भाग दुसऱ्या नावाच्या मालिकेत छापलेला असतो.

परभणीत आमच्या घरी सुटीत जमणाऱ्या मुलांना आणि नांदेड-लातूरहून निरोप पाठवून विचारणाऱ्या वाचकांना मी जी पद्धत सांगतो, तीच इथे टप्प्याटप्प्याने मांडत आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्याला मागच्याची नोंद लागते.

## तयारी

एक फुलस्केप वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढेच साहित्य पुरेसे आहे. मोबाइलवर तक्ता करणाऱ्यांनी तसा करावा, पण पहिला आराखडा तरी वहीत पेन्सिलने करावा असे माझे मत आहे, कारण सुरुवातीला ओळी वारंवार वरखाली कराव्या लागतात आणि कागदावर संपूर्ण क्रम एका नजरेत दिसतो.

वहीत सहा रकाने आखावेत: मालिकेचे पूर्ण नाव, मालिका सुरू झाल्याचे वर्ष, अंकाचा क्रमांक, अंकावरचा महिना व वर्ष, कथेचे नाव आणि भाग, आणि शेवटी "पुढे कुठे". हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. अंकाच्या अखेरच्या पानावर पुढचा भाग ज्या मालिकेत असल्याचे सांगितलेले असते, तिचे नाव आणि क्रमांक इथे लिहायचा.

हातात असलेले सगळे अंक आधी वहीत चढवावेत आणि मगच वाचायला बसावे. दहा अंक असले तर अर्धा तास जातो आणि पन्नास असले तर एक दुपार. ही दुपार वाचवण्याच्या नादात पुढचे सगळे बिघडते.

## टप्पा १: अंकाची खरी ओळख पटवा

अंकाची ओळख त्याच्या नुसत्या क्रमांकाने पटत नाही. नाव, सुरुवातीचे वर्ष आणि क्रमांक या तीन गोष्टी मिळूनच एक अंक ठरतो.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच उमगेल. जुन्या कागदावर जमिनीचा सर्व्हे नंबर असतो, एकत्रीकरणानंतरच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. जमीन तीच, बांध तोच, आकडा मात्र वेगळा. जुना नंबर घेऊन नव्या नकाशात शेत शोधणारा माणूस दुसऱ्याच्याच बांधावर जाऊन उभा राहतो. कॉमिक्सच्या कंपन्याही मालिकेचे क्रमांक मधूनच पुन्हा १ पासून सुरू करतात आणि काही वर्षांनी जुन्या एकूण क्रमांकावर परततात.

'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे उदाहरण घ्या. १९६३ साली सुरू झालेली ही मालिका १९९८ मध्ये ४४१ व्या अंकावर थांबली. १९९९ पासून नवा १ आला. नव्या क्रमाने ५८ अंक झाल्यावर २००३ साली पुढच्या अंकावर थेट ५०० छापले गेले, कारण ४४१ अधिक ५८ म्हणजे ४९९. डिजिटल यादीत हे ५०० पासून ७०० पर्यंतचे अंक १९९९ च्याच मालिकेखाली दिसतात, त्यामुळे ५८ नंतर ५०० पाहून मधले साडेचारशे अंक हरवले असे वाटते. एकही अंक हरवलेला नाही. सुपरमॅनच्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चे गणितही असेच आहे: २०११ मध्ये ९०४ वर थांबणे, नव्या क्रमाचे ५२ अंक आणि मग २०१६ मध्ये ९५७.

याच्या उलट प्रकारही घडतो. १९३९ साली सुरू झालेली 'सुपरमॅन' मालिका ४२३ व्या अंकानंतर नाव बदलून 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' झाली आणि ४२४ पासून पुढे चालली, तर 'सुपरमॅन' हे नाव १९८७ मध्ये दुसऱ्याच नव्या मालिकेला मिळाले आणि तिचा क्रम १ पासून सुरू झाला. त्यामुळे "सुपरमॅन ७४" एवढेच कुणी सांगितले तर दोन निरनिराळे अंक संभवतात आणि त्यांच्या छपाईत चाळीस वर्षांचे अंतर आहे.

वर्ष शोधण्यासाठी मुखपृष्ठावर विसंबू नये. पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत प्रकाशनाचा मजकूर असतो. त्यात मालिकेचे अधिकृत नाव, क्रमांक आणि त्या अंकाचा महिना व वर्ष दिलेले असते; मालिका सुरू झाल्याचे वर्ष त्यांच्या आधारे इंटरनेटवरच्या यादीत शोधावे. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत "स्पायडर-मॅन" लिहिलेले असले तरी मालिका 'वेब ऑफ स्पायडर-मॅन' किंवा 'स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन' असू शकते, हे त्या बारीक मजकुरातच कळते.

सावधान: शून्य क्रमांकाचा अंक नेहमी सुरुवातीचा नसतो. १९९४ साली डीसीने, म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅनच्या कंपनीने, आपल्या चालू मालिकांचे शून्य क्रमांकाचे अंक काढले. त्या वर्षीचा 'बॅटमॅन'चा शून्य अंक ५११ आणि ५१२ यांच्या मध्ये येतो. स्पायडर-मॅनची कंपनी असलेल्या मार्वलने १९९७ मध्ये उणे एक क्रमांकाचे अंक काढले होते आणि डीसीने १९९८ मध्ये मुखपृष्ठावर दहा लाख हा आकडा छापला होता. असा चमत्कारिक आकडा दिसला की क्रमांक बाजूला ठेवावा आणि महिन्यावरून जागा ठरवावी.

तपासणी: वहीतील प्रत्येक ओळीत नाव, वर्ष आणि क्रमांक हे तिन्ही रकाने भरलेले आहेत का? एकही रिकामा असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: अंक कोणत्या विश्वातला आहे ते ठरवा

एकाच नायकाच्या दोन कथा एकाच विश्वात घडत असतीलच असे नाही. मार्वलचे मुख्य विश्व ६१६ या आकड्याने ओळखले जाते. २००० साली सुरू झालेला 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' १६१० या वेगळ्या विश्वातला आहे. तिथला पीटर पार्कर पुन्हा शाळकरी मुलगा आहे आणि मुख्य मालिकेत घडलेल्या गोष्टी त्याच्या आयुष्यात घडलेल्या नाहीत. डीसीचा २०२४ मध्ये सुरू झालेला 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' हाही मुख्य बॅटमॅन नव्हे. 'व्हॉट इफ' आणि 'एल्सवर्ल्ड्स' या शिक्क्यांखालच्या कथा तर "असे झाले असते तर" याच पायावर उभ्या असतात.

अशा अंकांसाठी वहीत स्वतंत्र पान करावे. त्यांना मुख्य क्रमात बसवण्याचा प्रयत्न करू नये. ते कुठेच बसत नाहीत आणि मुख्य कथा समजायला लागतही नाहीत.

डीसी वाचणाऱ्यांनी आणखी एक काम करायचे आहे. या कंपनीने आपल्या विश्वाची मांडणी मधूनमधून नव्याने केली आहे, आणि त्यातल्या दोन रेषा वहीत आडव्या ओढल्याच पाहिजेत. पहिली रेषा १९८५-८६ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकांच्या मालिकेची. दुसरी २०११ च्या 'फ्लॅशपॉइंट' या पाच अंकांच्या मालिकेची, जिच्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ५२ मालिका नव्या क्रमाने सुरू झाल्या. रेषेच्या अलीकडची घटना पलीकडच्या नायकाला आठवेलच असे गृहीत धरू नये. मार्वलने अशी संपूर्ण फेरमांडणी केलेली नाही. तिथे कथेतला काळच पुढे सरकत राहतो. साठच्या दशकात छापलेली घटना आजच्या अंकातल्या पात्रांसाठी जेमतेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीची असते. म्हणून जुन्या अंकातल्या गाड्या, टेलिफोन आणि राष्ट्राध्यक्ष पाहून पात्रांची वये मोजत बसू नये.

सावधान: सारखी वाटणारी नावे नीट वाचावीत. 'सीक्रेट वॉर्स' नावाची एक मालिका १९८४-८५ ची आणि बारा अंकांची आहे, दुसरी २०१५-१६ ची आणि नऊ अंकांची. 'आयडेंटिटी क्रायसिस', 'इन्फिनिट क्रायसिस' आणि 'फायनल क्रायसिस' या तीन निरनिराळ्या मालिका आहेत, तिन्ही सात-सात अंकांच्या. मागवताना केवळ नाव सांगितल्यामुळे भलतेच पुस्तक घरी आलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि आपल्या भागात ते परत पाठवणे सोपे नसते.

## टप्पा ३: एकच मुख्य धागा धरा

"सगळे पहिल्यापासून वाचायचे आहे" हा निश्चय घेऊन येणारा वाचक सहसा तिसऱ्या महिन्यात वाचन सोडतो. जोडलेल्या मालिकांचे विश्व दर महिन्याला डझनावारी अंकांनी वाढत असते. ते सगळे वाचून संपत नाही आणि लेखकांचीही तशी अपेक्षा नसते.

आधी एक पात्र निवडावे, मग त्या पात्राची एक मालिका आणि मग त्या मालिकेत एका लेखकाने कारभार हाती घेतल्याचा अंक. वाचनाची सुरुवात तिथून करावी. नवा लेखक आल्यावर पहिल्या दोन-तीन अंकांत तो जुन्या गोष्टींची ओळख नव्याने करून देतो, त्यामुळे हे दार नवख्यांसाठी उघडे असते. केवळ १ क्रमांक पाहून सुरुवात करण्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे, कारण नवा १ अनेकदा आधीच्या गुंत्याच्या ऐन मध्यावरही छापला जातो.

वहीत या मालिकेच्या ओळींना समासात ठळक खूण करावी. बाकीच्या सगळ्या मालिका या धाग्याला जिथे शिवतात, तेवढ्यापुरत्याच वाचायच्या आहेत.

तपासणी: "मी आत्ता कोणत्या पात्राची कोणती मालिका वाचत आहे?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते का? येत नसेल तर धागा अजून निवडलेला नाही.

## टप्पा ४: महिन्यानुसार मांडणी करा

आता वहीतील ओळी अंकावरच्या महिन्याप्रमाणे नव्या पानावर उतरवाव्यात. क्रमांक काहीही असो, ज्याचा महिना आधीचा तो अंक आधी.

इथे एक बारकावा आहे. अंकावर छापलेला महिना आणि अंक दुकानात आल्याचा महिना एकच नसतो. छापलेला महिना साधारण दोन महिने पुढचा असतो. जानेवारीत विक्रीला आलेल्या अंकावर मार्च लिहिलेले आढळेल. दोन्हींपैकी कोणताही महिना वापरला तरी चालते, पण संपूर्ण वहीत एकच वापरावा. काही अंकांना छापील महिना आणि काहींना इंटरनेटवरच्या यादीतली विक्रीची तारीख लावली की क्रम दोन महिन्यांनी घसरतो, आणि ही चूक नंतर शोधणे फार अवघड जाते.

## टप्पा ५: मालिकांमध्ये विभागलेली कथा विणा

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करावा.

काही वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरला गेलो असताना जुन्या पुस्तकांच्या एका गाडीवरून मी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे २९३ आणि २९४ हे दोन अंक घेतले. क्रमांक लागोपाठचे, कागद पिवळा पडलेला, पण पाने सगळी शाबूत. परतीच्या रेल्वेत वाचायला घेतले तेव्हा २९३ ची सुरुवातच मधून झाल्यासारखी वाटली आणि २९४ उघडल्यावर तर आणखी काही तरी निसटल्याचे जाणवले. पाने पुन्हा मोजली. ती पूर्ण होती. घरी आल्यावर बारीक मजकूर आणि शेवटचे पान तपासले तेव्हा उलगडा झाला. ती १९८७ सालची 'क्रेव्हन्स लास्ट हंट' ही सहा भागांची कथा होती, आणि ते भाग तीन मालिकांत असे वाटलेले होते:

१. वेब ऑफ स्पायडर-मॅन ३१
२. अमेझिंग स्पायडर-मॅन २९३
३. स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन १३१
४. वेब ऑफ स्पायडर-मॅन ३२
५. अमेझिंग स्पायडर-मॅन २९४
६. स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन १३२

म्हणजे माझ्या हातात दुसरा आणि पाचवा भाग होता. पहिल्या तीन भागांवर ऑक्टोबर छापलेला आहे आणि पुढच्या तीनांवर नोव्हेंबर, त्यामुळे केवळ महिन्यावरून आपापसातला क्रम लागत नाही. एकाच महिन्यात दोन-तीन संबंधित अंक आले की पुढील खुणा याच अनुक्रमाने तपासाव्यात.

प्रथम मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर "भाग अमुक" असे लिहिलेले आहे का ते पाहावे. नंतर शेवटच्या पानाची खालची पट्टी पाहावी. पुढचा भाग कोणत्या मालिकेत आहे ते बहुधा तिथेच असते. त्यानंतर आतल्या चौकटींच्या कडेला तारांकित चिन्हासह दिलेल्या संपादकाच्या टिपा वाचाव्यात, ज्यांत पात्र बोलत असलेली घटना कोणत्या अंकात घडली ते दिलेले असते. तिघांतून काहीच हाती लागले नाही तरच इंटरनेटवरच्या यादीकडे वळावे.

१९९१ ते २००२ या काळातले सुपरमॅनचे अंक ज्यांच्याकडे आहेत त्यांचे काम सोपे आहे. त्या काळात दर महिन्याला सुपरमॅनच्या अनेक मालिका एकच सलग कथा पुढे नेत होत्या आणि वाचकांच्या सोयीसाठी मुखपृष्ठावर एका छोट्या त्रिकोणात वर्ष आणि त्या वर्षातला वाचनक्रम छापलेला असे. त्रिकोणातला आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. मालिकेचा क्रमांक तेवढ्यापुरता विसरून जावा.

ही गरज किती खरी आहे ते १९९२ च्या 'डेथ ऑफ सुपरमॅन' कथेवरून दिसते. तिचे सात भाग पाच मालिकांत आहेत: 'मॅन ऑफ स्टील' १८, 'जस्टिस लीग अमेरिका' ६९, 'सुपरमॅन' ७४, 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' ४९७, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' ६८४, 'मॅन ऑफ स्टील' १९ आणि 'सुपरमॅन' ७५. यांतला दुसरा भाग तर सुपरमॅनच्या नावाच्या मालिकेतही नाही. केवळ सुपरमॅनच्या मालिका गोळा करणारा वाचक तो हमखास चुकवतो. इथे 'मॅन ऑफ स्टील' म्हणजे १९९१ साली सुरू झालेली मासिक मालिका होय. याच नावाची १९८६ ची सहा अंकांची लघुमालिका निराळी आहे, हे पहिल्या टप्प्यातल्या वर्षाच्या रकान्यावरून लगेच कळेल.

तपासणी: विणलेल्या क्रमात प्रत्येक अंकाचा "पुढे कुठे" रकाना आणि त्याखालची ओळ एकमेकांशी जुळते का? जिथे जुळत नाही तिथे एक तर अंक चुकीच्या जागी आहे किंवा मधला अंक आपल्याकडे नाही. दोन्ही शक्यता तपासाव्यात.

## टप्पा ६: मोठ्या घटनांपैकी काय वाचायचे, काय सोडायचे

दर एक-दोन वर्षांनी कंपनी एक मोठी घटना उभी करते, तिची स्वतंत्र मुख्य मालिका काढते आणि इतर चालू मालिकांचे काही अंक तिला जोडते. वाचक अशा जोडअंकांना टाय-इन म्हणतात. यांची यादी कित्येकदा शंभराच्या घरात जाते आणि ती पाहूनच नवखा वाचक घाबरतो.

माझा नियम असा आहे: मुख्य मालिका संपूर्ण वाचावी, आपण धरलेल्या धाग्याचे जोडअंक वाचावेत आणि बाकीचे निःशंकपणे सोडावेत. २००६-०७ च्या 'सिव्हिल वॉर'चे मुख्य अंक सात आहेत. स्पायडर-मॅन वाचणाऱ्याने त्यांच्या सोबतीने 'अमेझिंग स्पायडर-मॅन' ५३२ ते ५३८ वाचावेत. इथे क्रम महत्त्वाचा आहे: ५३२ आधी, मग मुख्य मालिकेचा दुसरा अंक आणि त्यानंतर ५३३, कारण दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर पार्कर जो निर्णय जाहीर करतो त्याचे परिणाम ५३३ मध्ये सुरू होतात. कॅप्टन अमेरिका वाचणाऱ्याने आपल्या मालिकेचा २५ वा अंक मुख्य मालिकेचा सातवा अंक वाचून होईपर्यंत उघडूच नये.

सावधान: मोठ्या घटनेचा अखेरचा अंक छापायला उशीर झाला की महिन्यानुसार केलेली मांडणी फसवते. २०१५ च्या 'सीक्रेट वॉर्स'चा नववा अंक जानेवारी २०१६ मध्ये आला, तर तिच्यानंतरच्या जगात घडणाऱ्या नव्या मालिका ऑक्टोबर २०१५ मध्येच सुरू झाल्या होत्या. अशा वेळी छपाईचा महिना बाजूला ठेवून आधी नऊही अंक संपवावेत.

## टप्पा ७: छपाईचा क्रम की कथेतल्या काळाचा क्रम?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. इंटरनेटवर "खरा कालक्रम" म्हणून याद्या फिरत असतात आणि त्यांत घटना जशा घडल्या तशा अंक, कधी कधी एकाच अंकाची पानेसुद्धा तोडून, लावलेली असतात. पहिल्या वाचनासाठी या याद्या वापरू नयेत.

याचे कारण स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखात सापडते. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' २५१ च्या शेवटी, एप्रिल १९८४ मध्ये, नायक नाहीसा होतो. पुढच्याच महिन्यात, मे १९८४ च्या २५२ मध्ये, तो परत येतो आणि त्याच्या अंगावर नवा काळा पोशाख असतो. मधल्या काळात तो कुठे होता ते सांगणाऱ्या 'सीक्रेट वॉर्स'चा पहिला अंकही मे १९८४ चाच. तो पोशाख त्याला कसा मिळाला हे मात्र त्या मालिकेच्या आठव्या अंकात, डिसेंबर १९८४ मध्ये दाखवले गेले. आणि तो पोशाख जिवंत आहे हे त्याच्याही एक महिना आधी, नोव्हेंबरच्या २५८ व्या अंकात उघड झाले.

कथेतल्या काळाप्रमाणे लावायचे तर २५१, मग 'सीक्रेट वॉर्स'चे बाराही अंक आणि मग २५२ असा क्रम येतो. घटना अगदी सरळ रेषेत बसतात. पण लेखकांनी हे कोडे "पोशाख आला कुठून?" या प्रश्नावर रचले होते आणि कालक्रमाने वाचणाऱ्याला प्रश्न पडण्याआधीच उत्तर मिळते. हा पोशाख काय चीज आहे ही शंका २५२ पासून २५८ पर्यंत हळूहळू वाढत जाते, आणि ती वाढ अनुभवणे हाच त्या अंकांचा खरा जीव आहे. म्हणून पहिले वाचन छपाईच्या क्रमाने करावे. दुसऱ्या वाचनात कालक्रमाची यादी जरूर घ्यावी. तेव्हा तिचा वेगळा आनंद मिळतो.

सहाव्या टप्प्यातला छपाईच्या उशिराचा अपवाद या नियमाआड येत नाही. तिथे कथा फोडणारा क्रम लेखकाने ठरवलेला नव्हता, विलंबाने तो घडला होता.

## टप्पा ८: संग्रह विकत घेताना

मराठवाड्यात सुटे अंक मिळणे दुर्मीळ आहे, त्यामुळे बहुतेकांचे वाचन एकत्र बांधलेल्या संग्रहांवर किंवा डिजिटल अंकांवर चालते. संग्रहाच्या कण्यावर छापलेला "खंड १" हा त्या संग्रहमालेचा पहिला खंड असतो; मालिकेचा पहिला अंक त्यात असेलच असे नाही. मार्वलच्या 'एपिक कलेक्शन'चे खंड तर क्रमाने प्रकाशितच होत नाहीत. कण्यावरचा आकडा कथेतली जागा दाखवतो, आणि सतरावा खंड चौथ्याच्या आधी बाजारात आलेला असू शकतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी पुस्तकाच्या वर्णनात "या संग्रहातील अंक" ही ओळ शोधावी आणि ते क्रमांक वहीशी ताडून पाहावेत. एकाच कथेच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत अंकांची संख्या वेगळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. स्वस्त म्हणून जुनी आवृत्ती घेतली आणि मधले तीन अंक त्यात नव्हतेच, असे होऊ देऊ नये.

## इंद्रजाल आणि राज कॉमिक्स वाचणाऱ्यांसाठी

घरातल्या माळ्यावर किंवा रद्दीच्या दुकानात आपल्याकडे या दोन भारतीय प्रकाशनांच्या अंकांचेच गठ्ठे सापडतात, आणि अमेरिकन अंकांची सवय झालेला वाचक इथे नव्याने चुकतो. इंद्रजालच्या अंकावरचा क्रमांक प्रकाशनाचा होता. त्याच ओळीत वेताळ, मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ नंतर बहादूर असे सगळे येत. वेताळाचे दोन अंक पंधरा क्रमांकांनी दूर असले तरी मधे वेताळाचे काही चुकले असे मानू नये. राज कॉमिक्सच्या अंकांवरचा क्रमांकही नागराज, ध्रुव किंवा डोगा यांचा स्वतःचा नसतो.

राजच्या बहुभागी कथांत भागाचा आकडा मुखपृष्ठावर नसेल तर शेवटचे पान पाहावे; पुढच्या अंकाचे नाव तिथे जाहीर केलेले असते. 'नागायण'चे आठ भाग तर कांडांच्या नावांनी आले, वरण कांडापासून इति कांडापर्यंत, त्यामुळे ती नावे आधी वहीत ओळीने लिहून घेतल्याशिवाय वाचायला बसू नये.

## अंक मिळतच नसेल तर

क्रम पक्का झाला आणि मधला एक अंक कुठेच सापडत नाही, हा प्रसंग प्रत्येकावर येतो. वहीत त्याची ओळ रिकामी ठेवावी. खालच्या ओळी वर सरकवू नयेत. अंक एखाद्या विभागलेल्या कथेचा मधला भाग असेल तर पुढच्या अंकाची पहिली तीन-चार पाने लक्ष देऊन वाचावीत, कारण मागील घटना तिथे थोडक्यात सांगण्याची पद्धत आहे, आणि नव्या अंकांत तर त्यासाठी स्वतंत्र पानच असते. शेवटचा भाग मिळत नसेल तर मात्र ती कथा सुरू करू नये. आधी तो भाग मिळवावा. मागवताना दुकानदाराला किंवा पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकाला मालिकेचे नाव, सुरुवातीचे वर्ष, क्रमांक आणि छापील महिना असे चारही तपशील कागदावर लिहून द्यावेत. तोंडी सांगितलेला आकडा वाटेत बदलतो. अंक हाती आला की आधी आतला बारीक मजकूर वहीशी ताडून पाहावा, आणि जुळल्यावरच त्या रिकाम्या ओळीतली पेन्सिलची नोंद पेनाने पक्की करावी.